आईंना हॉटेलवर ठेवून कसं फिरायचं?

यंदा मार्चपासूनच ट्रिपची पत्रं यायला लागलीत आणि त्यातली तीन अगदी एकाच विषयावरची, थीम पार्क, पोरं, आणि घरातलं कुणीतरी व्हीलचेअरवर. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते. पहिलं उत्तर लांबलंय, पण त्यातलं बरंचसं बाकीच्यांनाही उपयोगी पडेल.

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. सासूबाई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आल्यात. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता, उजवी बाजू अजून कमजोर आहे, आधार दिला तर उभ्या राहतात, चार-पाच पावलं टाकतात, बाकी सगळं व्हीलचेअरवर. मुलगी ९ वर्षांची, मुलगा ४ वर्षांचा, दोघांना फ्लोरिडातल्या डिस्नी वर्ल्डचं प्रॉमिस करून बसलोय आणि जुलैत पाच दिवस जायचं असं डोक्यात आहे. आई म्हणतात तुम्ही जा, मी हॉटेलवर टीव्ही बघत बसते, माझ्यामुळे तुमची अडचण नको. नणंद म्हणते एवढ्या उन्हात त्यांना नेऊच नका. मिस्टरांच्या ऑफिसमधले एक जण म्हणाले व्हीलचेअर असली की लाइन सोडून डायरेक्ट पुढे घेतात, म्हणजे उलट फायदाच. नक्की काय करू? आणि चार पार्कांपैकी कुठली घेऊ?
— एक वाचक, एडिसन

उत्तर : अगं, घेऊन जा. नक्की घेऊन जा. पण "येता का" असं विचारू नकोस, कारण त्याला आपल्याकडच्या आयांचं उत्तर ठरलेलं असतं. माझे वडील शेवटची नऊ वर्षं व्हीलचेअरवर होते, आम्ही सगळे फ्लोरिडाला निघालो तेव्हा नाना अगदी हेच म्हणाले होते, मी आहे इथे, तुम्ही या जाऊन. दोन दिवस आम्ही नुसती मनधरणी केली, काही उपयोग नाही. मग माझ्या धाकट्याने त्यांना विचारलं, आजोबा तुम्हाला हत्ती बघायचेत का जिराफ? नाना म्हणाले हत्ती. झालं, त्या क्षणापासून ती त्यांचीही ट्रिप झाली. तुझ्या पोरांना आजीच्या शेजारी बसव, चारही पार्कांचे व्हिडिओ लावू दे, आणि आजीला दोन गोष्टी निवडायला सांग. त्या दोन गोष्टी आधी कॅलेंडरवर टाकायच्या, बाकीचं त्यांच्या भोवती बसवायचं. आपण नेमकं उलटं करतो, सगळा प्लॅन पोरांचा करतो आणि मग आजीला कुठे बसवायचं ते शोधत फिरतो, मग आजीलाही कळतं की आपण सामानासारखे आलोय.

आता लाइनचं. ते ऑफिसमधले म्हणतात ते जुनं झालं, त्यावर विसंबून जाऊ नका. डिस्नीचा डीएएस (डिसअ‍ॅबिलिटी अ‍ॅक्सेस सर्व्हिस) नावाचा पास असतो, पण मे २०२४ पासून तो ऑटिझमसारख्या विकासाशी संबंधित अडचणींमुळे ज्यांना लाइनीत फार वेळ थांबणं जमत नाही अशांसाठी ठेवलाय. फक्त व्हीलचेअर आहे म्हणून तो मिळत नाही. बहुतेक लाइनींमधून व्हीलचेअर जाते, तेव्हा सगळ्यांबरोबर तेवढाच वेळ थांबायचं. काही जुन्या राइड्सच्या वाटा अरुंद आहेत, तिथे वेगळ्या दाराने घेतात किंवा नंतर यायची वेळ लिहून देतात. लाइन खरोखर कमी करायची असेल तर पैसे भरून लाइटनिंग लेन मल्टी पास घ्यावा लागतो, डिस्नीच्या हॉटेलात राहिलात तर ७ दिवस आधी आणि बाहेर राहिलात तर ३ दिवस आधी बुक करता येतो. सगळे दिवस नका घेऊ, मॅजिक किंगडमच्या दिवशी घ्या, तिथे त्याचं चीज होतं. तिकिटात व्हीलचेअरसाठी सवलत नाही हेही बजेटमध्ये धरा, ३ ते ९ वर्षांच्या मुलांचं तिकीट थोडं कमी असतं आणि १० पूर्ण झाली की मोठ्यांचं, त्यामुळे मुलीचा वाढदिवस कधी येतो तेवढं बघून तारीख घे.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे आईंना खुर्चीतून उठून दुसऱ्या सीटवर बसता येतं का, किती वेळात, आणि किती खाली. पार्कात प्रत्येक राइडपाशी तुम्हाला हेच विचारणार. काही राइड्समध्ये व्हीलचेअरसकट आत जाता येतं, काहींमध्ये उठून बसावं लागतं, आणि काहींमध्ये थोडं चालावंच लागतं, पीटर पॅनच्या राइडमध्ये तर सरकत्या पट्ट्यावरून चालत जाऊन बसायचं आणि तो पट्टा थांबवत नाहीत, म्हणजे ती आईंसाठी नाही. जायच्या आधी पंधरा दिवस घरी रोज प्रॅक्टिस करा. व्हीलचेअर सोफ्याशेजारी तिरकी लावायची, दोन्ही ब्रेक, पायाच्या पट्ट्या वर, आणि आईंची डावी बाजू चांगली आहे ना, मग सोफा त्यांच्या डाव्या हाताला येईल अशी खुर्ची लावायची, म्हणजे ताकदीच्या बाजूने सरकता येतं. सोफ्यावर जमलं की गाडीच्या मागच्या सीटवर. तिथेही जमलं तर निम्म्या राइड्स मोकळ्या झाल्या म्हणून समज. त्यांच्या फिजिओला एकदा दाखवून घे, ते पकडायची पद्धत शिकवतील, काखेत हात घालून ओढायचं नाही, कमजोर खांदा दुखावतो.

पार्क कुठलं? मी तुला तीनच सांगेन, अ‍ॅनिमल किंगडम, एपकॉट आणि मॅजिक किंगडम, आणि मधला एक दिवस पूर्ण रिकामा. हॉलिवूड स्टुडिओज सोड यावेळी, टॉय स्टोरी मेनियामध्ये खुर्चीसकट जाता येतं हे खरं आहे पण बाकी बरंचसं आकर्षण मोठ्या धक्क्यांच्या राइड्सचं आहे.

पहिला दिवस अ‍ॅनिमल किंगडमचा ठेव. सकाळी गेट उघडताना आत, आणि थेट किलिमांजारो सफारी. उघड्या ट्रकमध्ये व्हीलचेअर तशीच चढवून घट्ट बांधून घेतात आणि साधारण १८ मिनिटं खडबडीत रस्त्याने फिरवतात. सकाळी प्राणी जागे असतात, दुपारी सावलीला जाऊन झोपतात. रस्ता मुद्दाम हादरे देणारा आहे, त्यामुळे आईंच्या कमरेमागे छोटी उशी हवीच. आमच्या वेळी हत्तीण आणि तिचं पिल्लू रस्त्याच्या इतकं जवळ होतं की तिच्या पाठीवरची वाळलेली माती दिसत होती, आणि नाना, ज्यांनी झटक्यानंतर उजवा हात वापरायचाच सोडून दिला होता, ते उजव्या हाताने माझ्या पोराला खुणावून दाखवत होते. मी फोटो काढायचा विसरले. तिथून पुढे आशिया म्हणून भाग आहे, त्यात आनंदपूर नावाचं काल्पनिक गाव वसवलंय, पडक्या राजवाड्यातून वाट जाते आणि काचेपलीकडे वाघ. ती सगळी वाट व्हीलचेअरची आहे. आईंना तिथे घाई करू नका, पाट्या, कमानी, पताका सगळं आपल्याकडचं वाटतं आणि त्या नातवंडांना काहीतरी सांगायला लागतील. ऊन चढलं की परत निघायच्या आधी लायन किंगचा शो बघा, बंद हॉलमध्ये आहे, एसी आहे, व्हीलचेअरची जागा वेगळी.

एपकॉटमध्ये लिव्हिंग विथ द लँड ही बोटीची राइड अजिबात चुकवू नका. बोटीत खुर्चीसकट जाता येतं आणि ती बोट खऱ्याखुऱ्या ग्रीनहाऊसमधून जाते, मातीशिवाय वाढवलेली भाजी, वर टांगलेले भोपळे. सांगलीच्या बाईला हळद-द्राक्षाच्या मुलखातून आल्यावर हे बघताना काय वाटेल सांग! शेजारीच नेमोची राइड, तीही खुर्चीसकट, ४ वर्षांचा खूश. तळ्याभोवती अकरा देशांचे मंडप आहेत, तो फेरा जवळजवळ दोन किलोमीटरचा आहे आणि पूल चढउताराचे आहेत, एका दमात नका करू, ढकलणाऱ्याची दमछाक होते.

मॅजिक किंगडमला गाडीने जाणार असाल तर लक्षात घ्या की पार्किंगपासून गेट जवळ नाही, मध्ये मोनोरेल किंवा फेरीबोट घ्यावी लागते. मोनोरेलचा उतार बराच उभा आहे, फेरी घ्या. डिस्नीच्या हॉटेलातून गेलात तर बस गेटाजवळ सोडते, बसला रॅम्प असतो, व्हीलचेअर आधी चढवतात आणि पट्ट्यांनी बांधतात. पण त्याच बसमध्ये बाबागाडी घडी करून हातात धरावी लागू शकते, तेव्हा कोण काय धरणार हे आधी ठरवा. आत गेल्यावर मेन स्ट्रीटवर ट्रामचे रूळ आहेत, व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं त्यात अडकतात, रूळ नेहमी सरळ काटकोनात ओलांडायचे. स्मॉल वर्ल्ड, जंगल क्रूझ, विनी द पू, लिटल मर्मेड, या सगळ्यांत खुर्चीसकट जाता येतं, चार वर्षांच्या मुलाच्याही याच राइड्स आहेत, म्हणजे आजी आणि नातू एका टीममध्ये! मुलीला मोठ्या राइड्स हव्या असतील, स्पेस माउंटनला उंची ११२ सेंटीमीटर लागते, तिला चालेल, भावाला नाही. तिथे रायडर स्विच मागा. एकाने मुलीला घेऊन जायचं, दुसऱ्याने आई आणि मुलाजवळ थांबायचं, मग अदलाबदल, आणि दुसऱ्याला पुन्हा पूर्ण लाइन लावावी लागत नाही. हे फुकट आहे, फक्त राइडच्या तोंडाशी सांगावं लागतं.

तारीख जमत असेल तर बदल. जुलैत ऑरलँडोला ३३ डिग्री आणि वर आपल्या कोकणासारखा दमटपणा, आणि जवळजवळ रोज दुपारी विजांचा पाऊस, वीज चमकली की उघड्यावरच्या राइड्स बंद. फ्लोरिडातल्या शाळा १० ऑगस्टच्या आसपास सुरू होतात, तुमच्या जर्सीतल्या सप्टेंबरमध्ये. म्हणजे ऑगस्टचा शेवट तुम्हाला सुट्टी आणि तिथे गर्दी कमी. ऊन तेवढंच राहील, वादळांचा मोसमही असतो, म्हणून तिकिटं बदलता येतील अशी काढ. पण लाइनी छोट्या म्हणजे आईंचं उन्हात थांबणं कमी. कुठल्याही महिन्यात गेलात तरी बारा वाजता हॉटेलवर परत, जेवण, झोप, आणि पाचनंतर पुन्हा. नणंदेला हे वेळापत्रक दाखव, तिची काळजी खरी आहे.

आता एक असं सांगते जे कुठल्याच माहितीपत्रकात नसतं. आपल्या आया बाहेर गेल्यावर पाणी पीत नाहीत, कारण बाथरूमला जावं लागेल, आणि सुनेला किंवा मुलाला न्यावं लागेल याचा संकोच. त्या उन्हात हे धोक्याचं आहे आणि झटका येऊन गेलेल्या माणसाला तर जास्तच. म्हणून पार्कात शिरल्या शिरल्या पहिली राइड नाही, पहिलं काम कंपॅनियन रेस्टरूम. ही वेगळी मोठी खोली असते, आतून कडी, मदतीला कुणीही बरोबर जाऊ शकतं, बाकी कुणी नसतं. आईंना आत नेऊन दाखव, कमोड केवढा, दांडी कुठे. एकदा त्यांनी बघितलं की त्या आपणहून पाणी मागतात, आमच्या नानांचं अगदी असंच झालं होतं. खाण्याच्या काउंटरवर बर्फाचं पाणी फुकट देतात, मागायला लाजू नका. प्रत्येक पार्कात फर्स्ट एडची जागा आहे, तिथे नर्स असते, पडून राहता येतं, थंड ठेवायची औषधं ठेवून घेतात.

हॉटेलचं बुकिंग करताना फक्त "अ‍ॅक्सेसिबल रूम" एवढं बघून थांबू नकोस. आम्ही थांबलो आणि फसलो. खोलीत गेलो तर बाथटब, फक्त त्याला दांड्या लावलेल्या, आणि टबाची कड नानांच्या गुडघ्याला. पाय उचलून आत टाकणं शक्यच नव्हतं, तीन दिवस मी त्यांना बेसिनपाशी खुर्चीत बसवून कचऱ्याच्या बादलीत पाणी घेऊन कॉफीच्या कपाने आंघोळ घातली आणि ते प्रत्येक वेळी सॉरी म्हणत होते, ते माझ्या अजून मनात आहे. तेव्हा "रोल-इन शॉवर", म्हणजे मध्ये कड नसलेला, खुर्चीसकट आत जाता येणारा शॉवर, असाच शब्द वापर, आत बसायला सीट आहे का विचार, पलंगाची उंची विचार, आणि मेलवर लेखी घे.

विमानात व्हीलचेअरचे वेगळे पैसे पडत नाहीत, ती सामानात मोजत नाहीत, विमानाच्या दारापर्यंत आपल्याच खुर्चीतून जाता येतं. तिकीट काढतानाच मदत लागणार असं सांगून ठेव. पार्कातही खुर्ची भाड्याने मिळते पण ती पार्काबाहेर नेता येत नाही, आईंची स्वतःची खुर्ची असेल तर तीच बरी, अंगाला सवयीची असते.

आणि बारीकसारीक. साडीचा पदर आणि काठ चाकात जातो, पदर खोचून घ्या किंवा सरळ पंजाबी ड्रेस. खुर्चीच्या पाठीला जड बॅग लटकवू नका, आई उठल्या की खुर्ची मागे उलटते, बॅग बाबागाडीखाली. खुर्ची उन्हात ठेवली की सीट आणि हात भाजतात, वर पंचा टाकून ठेवा. घरचं खाणं आत नेता येतं, धपाटे, दाण्याची चटणी, लाडू न्या खुशाल, फक्त काचेची बाटली-बरणी नको. आणि मुलीला एक काम द्या, आजीची नकाशावाली. कुठे रॅम्प, कुठे रेस्टरूम, हे ती शोधेल. नऊ वर्षांच्या मुलींना असं काम फार आवडतं.

प्रश्न : आम्ही ह्यूस्टनला असतो. मुलगी १० वर्षांची, सेरेब्रल पाल्सी आहे, बॅटरीवरची व्हीलचेअर वापरते. जूनमध्ये नाशिकहून माझ्या भावाची मुलं येतायत. गेल्या वर्षी एका पार्कात गेलो होतो, तिला एकाही मोठ्या राइडवर बसता आलं नाही, शेवटी ती चुलत भावंडांना म्हणाली तुम्ही जा, मी बॅगा सांभाळते. तेव्हापासून पार्क म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. न्यावं का परत?
— एक बाबा, ह्यूस्टन

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दहा वर्षांच्या पोरीने बॅगा सांभाळते म्हणणं म्हणजे तिने आपल्यालाच सांभाळून घेणं आहे.

तुमच्यापासून गाडीने तीन-सव्वातीन तासांवर सॅन अँटोनियोला मॉर्गन्स वंडरलँड आहे. २०१० साली सुरू झालेलं हे पार्क मुळात अशाच मुलांना डोळ्यांसमोर ठेवून बांधलंय. गॉर्डन हार्टमन नावाचे तिथले एक बिल्डर, त्यांची मुलगी मॉर्गन दिव्यांग, ती एकदा सुट्टीत स्विमिंग पूलमध्ये इतर मुलांशी खेळायला गेली आणि ती मुलं पूलमधून निघून गेली, त्यावरून त्यांनी हे उभं केलं. तिथे झोपाळ्यावर व्हीलचेअरसकट बसता येतं, मेरी-गो-राउंडवरही खुर्चीसाठी जागा आहे आणि ती घोड्यांसारखीच वरखाली होते. दिव्यांग व्यक्तीला प्रवेश मोफत, भावंडांचं तिकीट काढायचं. शेजारीच २०१७ पासून पाण्याचं पार्कही आहे, मॉर्गन्स इन्स्पिरेशन आयलंड. तुमची बॅटरीची खुर्ची भिजवायची गरज नाही, तिथे पाण्यात चालणाऱ्या खुर्च्या देतात, त्यातल्या काही बॅटरीऐवजी दाबलेल्या हवेवर चालतात. म्हणजे तीही स्वतःची स्वतः चालवेल, कुणी ढकलायला नको. दहा वर्षांच्या मुलीला हे किती मोठं असतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

सगळे दिवस उघडं नसतं, कॅलेंडर बघून आधी ऑनलाइन तिकिटं काढा. सॅन अँटोनियोचा जून तापतो, सकाळीच जा. आणि नाशिकच्या मुलांना आधी काही समजावून वगैरे सांगत बसू नका, तुमच्या मुलीलाच पार्कचा नकाशा द्या आणि पहिली राइड तिला ठरवू द्या. यावेळी सगळ्यांना कुठे जायचं ते ती सांगेल.

प्रश्न : अमेरिका वगैरे नाही, आम्ही ठाण्याचे. मे महिन्यात खोपोलीच्या इमॅजिकाला जायचंय, बरोबर दोन मुलं आणि व्हीलचेअरवरचे आजोबा, वय ७८. जमेल का?

उत्तर : जमेल, पण मे नको रे. आजोबांच्या वयाला खोपोलीचं दुपारचं ऊन झेपणार नाही. पहिला पाऊस पडून हवा थंड झाली की जा, नाहीतर थेट दिवाळीच्या सुट्टीत, आणि शनिवार-रविवार टाळून. वॉटर पार्कचा बेत मुलांसाठी वेगळ्या दिवशी ठेव, ओल्या फरशीवर व्हीलचेअरचे ब्रेक लागत नाहीत. थीम पार्कमध्ये आजोबांसाठी बसून बघायचे शो आणि संध्याकाळची परेड धर.

जायच्या आधी फोन कर. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा खाजगी जागांनाही लागू आहे, त्यामुळे विचारताना उपकार मागतोय असा सूर नको. फोनवर बरेचदा "हो हो, सगळं आहे सर" असं उत्तर येतं, त्यावर थांबू नकोस. आधी घरी आजोबांच्या खुर्चीची रुंदी मोज, एका चाकाच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या चाकाच्या बाहेरच्या कडेपर्यंत, साधारण ६५ सेंटीमीटर भरते. मग विचार की टॉयलेटच्या दाराची रुंदी किती, कुठल्या राइडला किती पायऱ्या, आणि पार्किंगपासून गेटपर्यंत उतार आहे का पायऱ्या. माहीत नसेल तर म्हणावं मी थांबतो, कुणालातरी टेप घेऊन पाठवा.